कार्ड नंबर एकशे सत्तेचाळीस

निळ्या रबरबँडातली कार्डं अकरा असायला हवी होती. दहाच निघाली. मी पुन्हा मोजली, मग एकेकाचा कोपऱ्यातला नंबर पाहिला, आणि एकशे सत्तेचाळीसच नव्हतं. पूल वर गेला होता, बस थांबली होती, धुक्यातून एक लांबलचक जहाज बंदरात शिरत होतं, म्हणजे वीस मिनिटं तरी कुठं जाता येणार नव्हतं. पुलाच्या अलीकडे डुलुथ शहर, पलीकडे वाळूची अरुंद पट्टी आणि तिच्यावर आमचं घर. जहाजाला वाट द्यायची म्हणून पूल सबंधच्या सबंध उचलला जातो आणि तेवढा वेळ आम्ही पट्टीवरचे लोक जगापासून तुटतो. कामाला उशीर झाला तर नुसतं ‘पूल’ म्हणायचं, इथं कुणी पुढं विचारत नाही. मी बॅग मांडीवर उलटी केली. डबा, दवाखान्याचं ओळखपत्र, पेनं, मोठ्या रबरबँडातली बाकीची तीनशे एक कार्डं. एकशे सत्तेचाळीस कशातच नव्हतं.

“आज कुणाचं डोकं तपासतेयस?” पुढच्या सीटवरून टॉर्विनेनकाकूंनी विचारलं. त्या आमच्या शेजारी राहतात आणि माझ्या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेची तारीख त्यांना माझ्यापेक्षा पक्की पाठ आहे. “शनिवारी ना गं? यंदा पास हो बाई. तुझी आई गेल्या वर्षी महिनाभर माझ्याशी धड बोलली नव्हती, जसं काही पेपर मीच काढला होता.” मी हसले. हसताना करंगळी बघितली, ती पांढरी पडली होती. जून महिना, तरी समुद्राएवढ्या तलावावरून धुकं आलं की माझ्या उजव्या हाताची करंगळी अशी मेणाच्या बाहुलीची असावी तशी होते. जन्मापासूनच असावं ते. आईला एक खोड आहे, गाडी कुठं थांबली, सिग्नलला, पुलाला, की ती न बघता हात पुढं करते आणि माझी करंगळी चोळत बसते. मी सव्वीस वर्षांची आहे. मी दर वेळी हात ओढून घेते.

गेल्या वर्षी मी आपटले ती ही कार्डं ज्या विभागाची आहेत त्यात. रसायन, जीवशास्त्र, सगळं ठीक होतं. माणसाचं मन आणि माणसांचा समाज, ज्याला सगळे सोपं म्हणतात, तिथंच माती खाल्ली. शब्द यायचे, त्यांच्या व्याख्या यायच्या, पण चार पर्याय समोर आले की सगळी माणसं सारखीच दिसायला लागायची. दवाखान्यात डॉक्टर बोलतात ते टाइप करायचं माझं काम, आणि माझ्या जागी आधी असलेली थिया, जी आता मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिनं मला युक्ती सांगितली. कार्डाच्या पुढच्या बाजूला शब्द, मागं व्याख्या, आणि व्याख्येखाली एक उदाहरण, तेही पुस्तकातलं नाही, आपल्या घरातलं. स्वतःशी जोडलेली गोष्ट माणूस विसरत नाही. या नियमाचंही एक कार्ड आहे, नंबर चार. “घरात कमी भरतात का नमुने?” थिया म्हणाली होती. “मी माझ्या आजोबांवर सतरा कार्डं केली. ते वारले तेव्हा रडू येईना, नुसती कार्डं आठवत होती.” हे तिनं हसत सांगितलं होतं आणि मीही हसले होते. त्या रात्रीपासून मी घर कार्डांवर वाटायला घेतलं. टॉर्विनेनकाकू तीन कार्डांत आहेत. सोडून गेलेला मित्र दोनात. बाबा सहा-सातांत, आणि ती कार्डं लिहिताना मला सुख वाटलं हे कबूल करते. घंटेचा आवाज आणि अन्न यांची जोडी जमली की नुसत्या घंटेनंही तोंडाला पाणी सुटतं, त्या कार्डाखाली मी लिहिलंय: डिझेलचा वास, बाबांचा कोट, झोप.

कारण तसंच आहे ते. आताही बसच्या धुराचा वास आला आणि माझे डोळे जड झाले. मी दहा वर्षांची, बाबांच्या गाडीत मागच्या सीटवर, अंगावर त्यांचा जहाजावरचा कोट, इतका मोठा की आत घर करता यावं. ते म्हणाले होते, पगाराचं एक काम आहे, आलोच. काचेवर आतून बर्फाची पानं उमटत होती, एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, आणि मी बोटानं त्यांना देठ काढत होते. दिव्याचा पिवळा उजेड त्या पानांतून येत होता. कुठं तरी गाणं चालू होतं. मग बोट कंटाळलं, मग मी झोपले, आणि झोपेत कुणीतरी मला उचलत होतं. माझ्या सगळ्या आयुष्यात इतकी निवांत मी पुन्हा कधी झाले नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी, नको त्या माणसाचा हात सोडल्यावर, पहिल्यांदा मेलेलं माणूस पाहिल्यावर, मी डोळे मिटून त्या गाडीत जाऊन बसते. बाबा लोहखनिजाच्या जहाजांवर होते, दहा महिने पाण्यावर. त्याच वर्षी हंगाम सुरू झाला तसे ते गेले आणि हिवाळ्यात परत आलेच नाहीत. आता टोलेडोला असतात, नाताळात फोन करतात, फोनवर खोकतात.

आणि आई? आईची अकरा कार्डं निळ्या रबरबँडात. ती वेगळी ठेवावी लागली, कारण रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून माझी तपासणी करते ती आईच. ती शाळेच्या भटारखान्यात तीनशे मुलांचं जेवण करते, कार्ड हातात धरते ते सुरी धरावी तसं घट्ट. पुढचा शब्द वाचते, मी उत्तर देते, मग कार्ड उलटून ताडून बघते. खालचं उदाहरणही वाचते आणि टॉर्विनेनकाकूंच्या कार्डाला डोळे पुसेपर्यंत हसते. तेव्हा तिची अकरा मी आधीच काढून घेते. भूमिकांची ओढाताण: आई. लाज आणि शिक्का: चर्चमध्ये मागच्या बाकावर बसणारी आई. आणि एकशे सत्तेचाळीस. शिकलेली हतबलता. कुत्र्यांचा तो प्रयोग आहे ना, सुटता न येणारे झटके खाऊन खाऊन कुत्री अशी होतात की पुढं दार उघडं ठेवलं, नुसतं ठेंगणं कुंपण ओलांडायचं असलं, तरी जागची हलत नाहीत, पडून राहतात. त्याखाली माझ्या अक्षरात: आई, पूल, मी दहा वर्षांची. पूल खाली आला तरी तिनं गाडी परत फिरवली.

ते मी काही रचलेलं नाही, मी त्या गाडीत होते. मार्च संपत आला होता. आईनं पट्ट्याची तपकिरी सूटकेस भरली, मला कोट चढवला, हातमोजे दोन-दोन, आणि काही न बोलता गाडी काढली. पुलाशी आलो तर पूल वर. हंगामातलं पहिलं जहाज येत होतं, ते बघायला सगळं गाव काठावर, लोक टोप्या हलवत होते, जहाजाचा भोंगा वाजला तसा माझ्या छातीत वाजला. कुठं जातोय विचारलं तर आई म्हणाली, बघ जहाज बघ. ते किती वेळ सरकत होतं कुणास ठाऊक, गंजाच्या रंगाची भिंतच. मग गेलं. पूल खाली आला, घंटा झाली, समोर रस्ता मोकळा होता. आणि आईनं गाडी वळवली. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला. ती सूटकेस नंतर मला घरात कधी दिसली नाही. त्या वळणावर मी सीटच्या पाठीमागून आईची मान बघत होते, आणि त्या मानेकडे बघून मला जे वाटलं ते आजतागायत गेलं नाही: हिला जमत नाही. आपल्याला मोठं होऊन हिला इथून काढायला हवं. मी डॉक्टर का व्हायचं म्हणते याची उत्तरं मी अर्जात छान लिहिली आहेत, आजारी माणसं, विज्ञान, सेवा. खरं उत्तर ती मान आहे.

पूल उतरला. बस पलीकडे गेली तेव्हा चाकांखाली लोखंडी जाळी नेहमीसारखी गुणगुणली. स्टॉपवर उतरून मी हळूहळू चालले. धुक्यात घरं अर्धी अर्धी दिसत होती, कुणाचं छप्पर, कुणाचा नुसता जिना. मंगळवारी तपासणीच्या वेळी निळी कार्डं टेबलावर राहिली होती का? मला फोन आला होता, मी खोलीत गेले होते. बुधवारी आई म्हणाली होती, आज नको, डोकं दुखतंय. आईचं डोकं कधी दुखत नाही. तिनं ते वाचलं असेल तर? जगात मला रोज संध्याकाळी बसून विचारणारं एकच माणूस आहे. परीक्षा पुन्हा देता येते, आणखी एक वर्ष टाइप करीत काढता येतं. ते टेबल पुन्हा मांडता येईल का, मला कळेना. मी मनात वाक्यं जुळवत होते. ती फक्त युक्ती आहे आई. ते नुसतं उदाहरण आहे. कुठलंही वाक्य दारापर्यंत टिकलं नाही.

घरात वेलदोड्याच्या पावाचा वास होता. आईनं कॉफी ओतली, पाव कापला, ओले हात पुसले. “आण,” ती म्हणाली. मी मोठा गठ्ठा दिला. तिनं नेहमीसारखाच एकेक शब्द वाचला, मी उत्तरं देत गेले. खिडकीबाहेर अजून उजेड होता, पण धुक्याचा, कुठून येतो ते न कळणारा. दूरवर भोंगा वाजायचा, आई थांबायची, मग पुढं. त्या बाळाचं कार्ड आलं, ज्याला मोठ्या आवाजानं पांढऱ्या उंदराची भीती शिकवली होती. आईनं दर वेळी विचारते तेच विचारलं, “त्याची आई कुठं होती तेव्हा?”

“पुस्तकात नाहीये आई.”

“तुमच्या पुस्तकात महत्त्वाचं काहीच नसतं बघ.”

मग तो दुसरा प्रयोग, जिथं वर बसलेला माणूस सांगतो म्हणून साधी माणसं दुसऱ्याला झटके देत राहतात. “एकानं तरी उठून वायर उपटली का?” मी म्हटलं, वायर नाही, पण काहींनी ऐकलं नाही, उठून गेले. “मग त्यांची नावं पाठ कर,” आई म्हणाली. मला वाटलं, नाही वाचलेलं तिनं. अंगातला ताण उतरायला लागला. कॉफी चांगली लागायला लागली. गठ्ठा संपला तेव्हा तिनं ॲप्रनच्या खिशातून एक कार्ड काढलं, टेबलावरचा सांडलेला चुरा हातानं बाजूला केला, आणि पुढची बाजू वाचली.

“शिकलेली हतबलता.”

आवाज तोच होता, आधीच्या तीनशे शब्दांना होता तो. मी कप खाली ठेवला.

“येत नाही?”

“येतं.”

“मग सांग की. परवा काय असं बसणारेस?”

मी सांगितलं. झटके, कुत्री, ठेंगणं कुंपण. माझा आवाज मलाच लांबून येत होता. आईनं कार्ड उलटलं, व्याख्येवरून बोट फिरवलं. “बरोबर. आणि उदाहरण?”

“आई, ते नुसतं...”

“उदाहरण चुकलंय.” तिनं कार्ड माझ्यापुढं ठेवलं, सरळ करून. “त्या दिवशी पूल वर होता. वीस मिनिटं. तुला सांगते सिल्वी, मला लग्नानंतर सलग वीस मिनिटं विचार करायला तेव्हा पहिल्यांदा मिळाली. समोर लोक टोप्या हलवतायत, मी सूटकेस घेऊन बसलेय. म्हटलं, घर माझ्या आईनं मला दिलेलं, चूल माझी, पोर माझी. मग मी का चाललेय? ज्यानं जायचं त्यानं जावं. घरी आले. तीच सूटकेस ओतली, तिच्यात तुझ्या बापाचे, आर्वोचे कपडे भरले, दाराबाहेर ठेवली. तू टॉर्विनेनबाईंकडे बिस्किटं खात होतीस.”

“बाबा तर जहाजावर...”

“चार दिवस हॉटेलात होता. मग गेला जहाजावर.”

भोंगा वाजला. आईनं तो संपू दिला. मला इतकंच सुचलं, “का पण? त्यांनी काय केलं होतं?” आणि विचारताना माझ्या नाकात डिझेलचा वास आला, तो उबदार, झोपेचा. आई माझ्याकडे बघत होती, आणि मी प्रथमच पाहिलं की ती काहीतरी तोलते आहे, द्यावं की न द्यावं. मग तिनं पाहिलं ते माझ्या हाताकडे.

“त्याच्या तीन दिवस आधी तुला गाडीत ठेवून तो दारूच्या गुत्त्यात बसला होता. पावणेदोन तास. पगार आणायला म्हणून गेला होता. तलाव अजून गोठलेला होता सिल्वी. कुणीतरी काच फोडली, तुला बाहेर काढलं, मला फोन केला. तुझ्या एका हातात मोजा नव्हता.”

“मी काचेवर पानं काढत होते.”

“ते तू दवाखान्यात सारखं सांगत होतीस. पानं काढली, पानं काढली. डॉक्टर म्हणाले, बोट वाचेल, पण थंडीत त्रास देईल जन्मभर.”

मी करंगळी मुठीत घेतली. काहीच दुखत नव्हतं, आणि त्याचंच भय वाटलं. ती गाडी होती तशीच होती डोळ्यांपुढे, पिवळा उजेड, देठ काढलेली पानं, कोट. फक्त आता ते गाणं कुठून येत होतं ते मला कळलं होतं. मला तिथून उठायचं होतं आणि उठवत नव्हतं. “तू मला कधीच का नाही सांगितलंस?” मी जवळजवळ ओरडले.

“तुला त्या कोटाचा वास आवडायचा,” आई म्हणाली. “म्हटलं, बाप म्हणून एवढं तरी राहू दे पोरीकडे.” तिनं कप उचलला, रिकामा होता, पुन्हा ठेवला. “आताही बोलले नसते. बघ, तू मला कुत्र्यात बसवलंस त्याचं मला काही नाही. मंगळवारपासून एकच गोष्ट खातेय मला. इतकी वर्षं मला वाटत होतं, ही पोर माझ्यावर माया करते. तू कीव करत होतीस.”

मी नाही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं, पण तिच्यासमोर त्या टेबलाशी मला खोटं बोलता येईना. मी उठून तिच्या मागं गेले, तिच्या मानेवर कपाळ टेकलं, आणि रडले, नाक गळेपर्यंत. मान रुंद होती, गरम होती, तिला भटारखान्याच्या साबणाचा वास होता. सोळा वर्षं मी ती मान वाचत आले होते. दुसऱ्याचं वागणं दिसलं की त्याचा स्वभावच तसा असं धरून चालायचं, त्याच्यापुढची परिस्थिती बघायचीच नाही, या चुकीचंही कार्ड आहे माझ्याकडे, नंबर बावीस, आणि त्याखाली उदाहरण म्हणून मी टॉर्विनेनकाकूंना बसवलंय. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. “पुरे,” आई म्हणाली, “पाव ओला होईल.” तिचाही आवाज बरा नव्हता.

शुक्रवारी दुपारी निघालो. मिनियापोलिसला पोचायला अडीच तास लागतात, रात्री तिथं राहायचं, सकाळी आठला परीक्षा. आईनं हट्टानं गाडी स्वतः चालवायला घेतली. धुकं फाटलं होतं, पण थंडी तशीच होती, आणि पुलाशी आलो तर घंटा झाली, आडवा दांडा खाली आला, पूल वर चालला. “घ्या,” आई म्हणाली आणि इंजिन बंद केलं. गंजाच्या रंगाचं एक जहाज लांबून येत होतं, घाई नसलेलं. माझ्या मांडीवर निळं रबरबँड होतं. एकशे सत्तेचाळीसवरचं उदाहरण मी खोडलं होतं, खाली जागा कोरी होती. डिझेलच्या कार्डाला मी हात लावला नव्हता. त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नव्हतं. वास घेतला तर अजून झोपच येत होती.

“मग त्या कुत्र्यांचं पुढं काय झालं?” आईनं विचारलं. “की हेही नाही पुस्तकात?”

“काल शोधलं मी. सापडलं. त्यांना हातानं धरून पलीकडे नेलं, पाय उचलून उचलून. पुन्हा पुन्हा. मग ती आपली आपण उडी मारायला लागली.”

“बरं झालं,” आई म्हणाली. खरंच बरं वाटलं तिला. थोड्या वेळानं म्हणाली, “आणि त्या कार्डावर आता कुणाला घालणारेस?”

“कुत्रीच ठेवते.”

“ठेव.”

जहाज पुलाखालून सरकत होतं. डेकवर एक माणूस वाकून दोर गुंडाळत होता, त्यानं वर पाहिलं नाही. काठावर दोन-चार लोकांनी हात हलवले. मग पाणीच राहिलं, हलणारं, आणि पूल उतरायला लागला. आईनं गाडी सुरू केली. दोन्ही हात स्टीअरिंगवर, समोर बघत, चेहऱ्यावरची रेघ न हलवता ती म्हणाली, “काय गं, फिरवू का मागं?”

“फिरवून दाखव.”

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. आई हसली, गाडी जाळीवर घेतली, आणि जाळी गुणगुणायला लागली. हसता हसता तिचा उजवा हात न बघताच माझ्याकडे आला आणि त्यानं माझी करंगळी शोधून काढली. मी हात ओढून घेतला नाही. पूल संपून रस्ता लागला तरी ती चोळतच होती.